पंचनाम्यापूर्वीचे वादळ

चैत्र सरत आला, की नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मोलगीच्या आसपास सातपुड्याच्या डोंगरउतारांवर, पाड्यापाड्यांच्या अंगणांत, तापलेल्या खडकांवर आणि जुन्या लुगड्यांवर कैरीच्या सोललेल्या फोडी वाळत पडलेल्या दिसू लागतात. आणि ज्या आमचुरामुळे मोलगीच्या बाजाराचे नाव दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक झाले, तो आमचूर म्हणजे भिल्ल व पावरा कुटुंबांनी निव्वळ उन्हाच्या भरवशावर उघड्यावर मांडलेली वर्षाची रोकडच असते. फोड पांढरी वाळली तर तिला भाव येतो. वाळण्यापूर्वी तिच्यावर पावसाची एखादी सर कोसळली तर ती काळवंडते, आणि काळ्या आमचुराचा मालक व्यापारी सांगेल तो दर निमूटपणे घेऊन घरी परततो. नेमक्या याच दिवसांत, सकाळपासून निरभ्र राहिलेल्या आकाशात दुपार कलताना डोंगरामागून एखादा ढग उभा राहतो, पाहता पाहता त्याचा माथा वरच्या वाऱ्यात पसरून चपटा होतो, प्रथम धुळीचा लोट, मागोमाग वारा, मग विजा व क्वचित गारा अशा क्रमाने ते वादळ दरीखोऱ्यांतून निघून जाते, आणि अर्ध्यापाऊण तासाच्या या कारभारात कुडाच्या घरांवरची कौले, मोहाच्या फांद्या आणि अंगणातल्या फोडी यांची जी वासलात लागायची ती लागून गेलेली असते.

त्यानंतर सरकार येते. तलाठी येतो, ग्रामसेवक येतो, पडलेल्या भिंतीपुढे घरधन्याला उभे करून पंचांच्या सह्या वा अंगठे घेतले जातात, आणि झालेल्या हानीचा कागद तहसील कचेरीच्या दप्तरात दाखल होतो. मोलगीच्या मुलखावरून गेलेल्या बहुतेक वादळांचा राज्याला ठाऊक असलेला सारा इतिहास एवढाच, म्हणजे वादळ निघून गेल्यानंतरचा, असतो. वादळ आकाशात असताना, त्याच्या पोटात वारा कोणत्या दिशेने फिरत आहे, गारा कोणत्या उंचीवर धरल्या आहेत आणि ते पुढच्या घटकेत कोणत्या पाड्यावर उतरणार आहे, हे पाहण्याचे साधन मनुष्याच्या हाती येऊनही आता पाऊण शतक लोटले आहे. त्या साधनाचे नाव रडार. ते काय पाहते, कसे पाहते, आणि मोलगीसारख्या स्थळाच्या बाबतीत त्याला जे पाहता येत नाही ते कशामुळे, याची चौकशी या लेखात करावयाची आहे.

हवामानाच्या रडारची वाटचाल एका उपद्रवातून सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हेरण्यासाठी जी यंत्रे उभारली गेली, त्यांच्या पडद्यावर विमानांच्या ठिपक्यांबरोबर पावसाचे धूसर डाग उमटू लागले, आणि ज्यांना विमाने शोधावयाची होती त्यांना ते डाग म्हणजे निव्वळ अडथळा वाटे. युद्ध संपले, यंत्रे रिकामी झाली, आणि त्याच डागांत काही शास्त्रज्ञांना आपले आयुष्यभराचे काम सापडले. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मार्शल आणि पामर यांनी १९४८ साली पावसाच्या थेंबांच्या आकारमानाचा जो नियम मांडला, त्याच्या आधारे रडारकडे परतून येणाऱ्या लहरीच्या तीव्रतेवरून खाली पडणाऱ्या पावसाचा अंदाज बांधता येऊ लागला. येथे एक गणिती सत्य ध्यानात ठेवले पाहिजे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर त्याच्याकडून परतणारी लहर चौसष्टपट प्रबळ होते. म्हणून रिमझिम पडणारा विस्तीर्ण पाऊस रडारच्या चित्रात फिकट राहतो, आणि मोठाल्या थेंबांचा किंवा ओल्या गारांचा लहानसा गाभा मात्र भडक लाल-जांभळा होऊन डोळ्यांत भरतो. दूरचित्रवाणीवर अशी रंगीत चित्रे पाहून लाल म्हणजे संकट असा जो समज सामान्य प्रेक्षकाने करून घेतला आहे तो अगदीच चुकीचा नाही. परंतु ज्यांनी टॉर्नेडोचा म्हणजे घूर्णवाती वादळांचा अभ्यास केला त्यांची दृष्टी रंगापेक्षा आकाराकडे अधिक लागलेली असते.

या आकाराची गोष्ट ९ एप्रिल १९५३ या दिवशी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात घडली. तेथील जलसर्वेक्षण खात्याने पाऊस मोजण्याच्या हेतूने शँपेन गावच्या विमानतळावर एक रडार बसविले होते, आणि त्या दिवशी डोनाल्ड स्टॅग्ज नावाचा अभियंता त्यावर काम करीत असता, त्याला पडद्यावरील वादळाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून एक शेपूट बाहेर येऊन आत वळताना दिसले. आंबे उतरविण्याच्या काठीला जशी आकडी बांधलेली असते, तसा त्या प्रतिमेचा आकार होता. स्टॅग्जने प्रसंगावधान राखून ती सारी दृश्ये चित्रफितीवर उतरवून घेतली, आणि ज्या ठिकाणी ती आकडी होती तेथेच टॉर्नेडो जमिनीवर उतरलेला होता, असे मागाहून निष्पन्न झाले. पुढच्या दशकात कीथ ब्राउनिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, ९ जुलै १९५९ रोजी इंग्लंडमधील वोकिंगहॅमवरून गेलेल्या गारांच्या वादळाचा रडारनोंदींवरून सूक्ष्म अभ्यास करून, अशा वादळाच्या अंतर्रचनेचा जो नकाशा उभा केला तो आजही अभ्यासकांचा आधार आहे. या नकाशाप्रमाणे वादळात एक प्रचंड, दीर्घकाळ टिकणारा आणि स्वतःभोवती फिरणारा ऊर्ध्वगामी प्रवाह असतो. तो इतक्या वेगाने वर चढतो की त्याच्या गाभ्यात थेंब मोठे व्हायला अवधीच मिळत नाही. म्हणून भडक लाल प्रतिमेच्या मधोमध एक रिकामी, फिकट खोबण दिसते, आणि त्या खोबणीभोवती पाऊस व गारा ओढल्या जाऊन आकडी तयार होते. जाणता निरीक्षक त्यामुळे चित्रातल्या रिकाम्या जागेलाच अधिक भितो.

हा प्रवाह फिरू का लागतो, याचे उत्तर वाऱ्याच्या थरांत आहे. जमिनीलगतचा दमट वारा एका दिशेने मंद वाहत असेल आणि सहा-सात किलोमीटर उंचीवरचा कोरडा वारा वेगळ्या दिशेने व फार जोराने वाहत असेल, तर त्या दोहोंच्या मधल्या हवेत एक आडवी, डोळ्यांना न दिसणारी घूर्णन गती साठून राहते. बळकट ऊर्ध्वगामी प्रवाह तिला उचलून उभी करतो, आणि मग ढगाचा सारा गाभाच गरगर फिरू लागतो. उन्हाळ्यात आपल्या माळांवर भर दुपारी जी वावटळ उठते ती तापलेल्या जमिनीची निर्मिती असल्याने तिच्या डोक्यावर ढग असण्याची आवश्यकता नसते, आणि दोन-चार पत्रे उडवून ती विरून जाते. टॉर्नेडोचे मूळ ढगातल्या या फिरत्या गाभ्यात असते.

केवळ आकारावर विसंबणे मात्र धोक्याचे होते, कारण आकडी दिसूनही टॉर्नेडो न झाल्याची आणि आकडी न दिसताही तो झाल्याची उदाहरणे साचत गेली. वारा प्रत्यक्ष फिरतो आहे की नाही हे पाहण्यासाठी ख्रिस्तियान डॉप्लर या ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिकाने १८४२ साली मांडलेल्या तत्त्वाचा आश्रय घ्यावा लागला. रडारकडे येणाऱ्या थेंबावरून परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित वाढते, दूर जाणाऱ्या थेंबावरून परतलेलीची घटते. या अत्यल्प फरकावरून थेंब वाहून नेणाऱ्या वाऱ्याचा वेग काढता येतो. येणारा वारा हिरव्या रंगाने व जाणारा लाल रंगाने दाखविण्याची प्रथा पडली. ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथे १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रचंडवादळ प्रयोगशाळेतील संशोधकांनी २४ मे १९७३ रोजी युनियन सिटी या लहानशा गावावर आलेल्या टॉर्नेडोचे जन्मापासून मृत्यूपर्यंतचे डॉप्लर-रडारचित्रण हाती घेतले. आणि नंतर त्या नोंदींवर डोके खपविताना त्यांना असे आढळले की, एका ठिकाणी गडद हिरवा आणि गडद लाल हे दोन ठिपके एकमेकांना अगदी खेटून बसलेले आहेत, म्हणजे हाताच्या अंतरावर वारा एकदम उलटा फिरलेला आहे, आणि हे चिन्ह ढगाच्या मध्यउंचीवर, टॉर्नेडोची सोंड जमिनीला टेकण्याच्या बरेच आधी, उमटलेले आहे. धोक्याची सूचना घटनेपूर्वी देता येईल याचा हा सज्जड पुरावा होता. याच पुराव्याच्या बळावर अमेरिकेने १९८८ नंतर सुमारे १६० डॉप्लर रडारांचे जाळे उभारले, आणि २०११ ते २०१३ या काळात त्या सर्वांना आडव्या व उभ्या अशा दोन्ही प्रकारच्या लहरी सोडण्याची क्षमता दिली. या सुधारणेमुळे रडारला पाऊस, गारा आणि हवेत उडालेली पाने, पत्रे, लाकडाच्या चिरफळ्या यांतला भेद कळू लागला; टॉर्नेडो जमिनीवर उतरून घरे मोडू लागला आहे हे आता रात्रीच्या काळोखातही, कोणी प्रत्यक्ष पाहिले नसता, त्या उडालेल्या ढिगाऱ्याच्या प्रतिमेवरून सांगता येते.

इतके सारे साधल्यावरही अमेरिकेतल्या संशोधकांचे समाधान झाले नाही, आणि त्यांच्या असमाधानाचे कारण मोलगीच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो आणि पृथ्वी त्याच्याखालून वाकत जाते. वातावरणामुळे किरणही थोडासा खाली झुकतो, पण पृथ्वीच्या वक्रतेला तो गाठू शकत नाही. क्षितिजापासून अवघा अर्धा अंश वर रोखलेला सर्वांत खालचा किरण शंभर किलोमीटरांवर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो, अडीचशे किलोमीटरांवर सुमारे सहा किलोमीटर. शिवाय तो पसरत जातो. एक अंश रुंदीचा किरण शंभर किलोमीटरांवर पावणेदोन किलोमीटर रुंद झालेला असतो, आणि काहीशे मीटर रुंदीचा भोवरा त्याच्या एकाच घासात गडप होऊन त्याचे लाल-हिरवे दोन्ही रंग एकमेकांना पुसून टाकतात. टॉर्नेडोचा निर्णय मात्र जमिनीपासूनच्या पहिल्या एक-दीड किलोमीटरातच लागतो. म्हणून जोशुआ वर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून रडारच मालमोटारीवर चढवले, वादळाच्या मागे लावले, आणि ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातील ब्रिज क्रीकजवळ, जमिनीच्या थोड्याच वर, ताशी सुमारे ४८० किलोमीटर वेगाचा वारा मोजला. पृथ्वीच्या पाठीवर मोजल्या गेलेल्या सर्वाधिक वेगवान वाऱ्यांत त्याची गणना होते. यंत्राची शक्ती वाढवून जे दिसले नाही ते यंत्र जवळ नेल्याने दिसले.

या कथेत आणखी एक पात्र आहे, ज्याला मी पंचनाम्याचा महर्षी म्हणेन. तेत्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ तरुणपणी क्यूशू बेटावर कोकुरा शहराच्या परिसरात अध्यापन करीत होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब त्याच शहरावर पडावयाचा होता, परंतु ते दिसेनासे झाल्याने विमान नागासाकीकडे वळले. बाँबच्या विध्वंसाची पाहणी करताना झाडे एका बिंदूपासून सर्व दिशांना आडवी झालेली त्यांनी पाहिली आणि ती रचना मनात ठेवली. पुढे शिकागो विद्यापीठात गेल्यावर त्यांनी मोडलेली घरे, उखडलेली झाडे व शेतांतले ओरखडे यांवरून वाऱ्याचा वेग ठरविण्याची श्रेणी १९७१ साली बांधली. तीच ती फुजिता श्रेणी. तिची सुधारून घेतलेली आवृत्ती २००७ पासून अमेरिकेत लागू आहे, आणि ती सिद्ध करण्यात टेक्सास टेक विद्यापीठातील किशोर मेहता या भारतातून गेलेल्या स्थापत्य अभियंत्याचा मोठा वाटा होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. याच मेहतांनी पीटरसन या संशोधकासह भारत व बांगलादेशातील टॉर्नेडोंची जुनी नोंद संकलित करून १९८१ साली प्रसिद्ध केली होती. फुजितांनी झाडांच्या त्या रचनेचे ऋण १९७५ साली फेडले. त्या वर्षी २४ जून रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरणारे एक प्रवासी विमान कोसळले. त्याची चौकशी करताना, वादळातून हवेचा एक जड लोट सरळ खाली आपटतो आणि जमिनीवर आदळून चहूकडे फाकतो, असे अनुमान त्यांनी काढले. त्याला डाउनबर्स्ट म्हणतात. अनेक समकालीनांनी प्रथम त्यांची थट्टा केली. मागाहून डॉप्लर रडारांनी तो लोट जसाच्या तसा टिपून दाखवला.

पण पंचनाम्याच्या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे, आणि ती ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रीनो गावाजवळ उघडी पडली. त्या दिवशीचा टॉर्नेडो चार किलोमीटरांहून अधिक रुंद झाला होता. ज्येष्ठ वादळ-संशोधक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे त्यात मृत्युमुखी पडले. फिरत्या रडारने त्यातील वाऱ्याचा वेग सर्वोच्च श्रेणीत बसेल इतका मोजला. पण तो भोवरा बहुतांशी मोकळ्या रानावरून गेला होता. मोडायला घरेच नव्हती, म्हणून नियमानुसार हानीवरून ठरलेली त्याची अधिकृत श्रेणी पाचाची तीन करण्यात आली. ज्या मुलखात मोडण्यासारखे थोडे असते, तेथे वादळाची नोंदही थोडीच होते, हा त्याचा अर्थ आहे. आणि तो सातपुड्यालाही अक्षरशः लागू पडतो. पंचनाम्याच्या तक्त्यात उभ्या पिकाला आणि पडलेल्या घराला रकाना असतो. खडकावर वाळत घातलेल्या कैरीच्या फोडींना आणि वेचून आणलेल्या मोहफुलांना तो मिळणे कठीण. हानीच्या कागदावरून मोलगीच्या वादळांचे मोजमाप करू पाहणारा अभ्यासक त्यामुळे नेहमीच कमी मोजील.

येथे वाचक विचारील की, टॉर्नेडो हा अमेरिकेचा उपद्रव, त्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे. ८ एप्रिल १८३८ रोजी कलकत्त्याच्या पूर्वेकडील खेड्यांवरून गेलेल्या टॉर्नेडोची लेखी नोंद त्याच काळी झाली. १७ मार्च १९७८ रोजी दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून गेलेल्या भोवऱ्याने अठ्ठावीस जणांचा बळी घेतला. २४ मार्च १९९८ रोजी बंगाल-ओडिशाच्या सीमेवर दीडशेहून अधिक माणसे मेली. ३१ मार्च २००९ रोजी ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील राजकनिका भागावर आलेल्या टॉर्नेडोचा भारतीय शास्त्रज्ञांनी संगणकीय प्रतिमानांद्वारे अभ्यास केला. आणि त्यानंतर नेमक्या पंधरा वर्षांनी, ३१ मार्च २०२४ रोजी, जलपाईगुडी जिल्ह्यातील मयनागुडी परिसरावर तसाच घाला आला. शेजारच्या बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यावर २६ एप्रिल १९८९ रोजी आलेल्या टॉर्नेडोत सुमारे तेराशे माणसे दगावली. एका टॉर्नेडोने घेतलेल्या बळींचा हा जगातील सर्वांत मोठा आकडा समजला जातो. छोटा नागपूरच्या पठारावरून येणारी तप्त कोरडी हवा बंगालच्या उपसागरावरील ओलसर हवेच्या डोक्यावर चढते, त्यामुळे तिकडचे आकाश अशा वादळांना विशेष अनुकूल असते.

खानदेशाच्या वाट्याला इतकी दमट हवा येत नाही, आणि येथे टॉर्नेडोचा बागुलबुवा उभा करण्याचा माझा मुळीच इरादा नाही. परंतु फेब्रुवारी-मार्चात जेव्हा वरच्या थरातला पश्चिमी वारा जोरात असतो आणि खाली समुद्रावरून ओल सरकते, तेव्हा त्याच घटकांचे सौम्य मिश्रण महाराष्ट्रावर तयार होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भ-मराठवाड्यात झालेली गारपीट कोणता शेतकरी विसरेल? २०२३ च्या मार्चात ऐन होळीच्या सुमारास नंदुरबार, धुळे व नाशिक जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेरीस तो पुन्हा आला, जेव्हा नंदुरबार शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली असते. मोलगीला लागून असलेल्या काठी गावची राजवाडी होळी फाल्गुन पौर्णिमेच्या रात्रभर उघड्या आकाशाखाली चालते, ढोल-घुंगरांच्या नादात हजारो माणसे डोंगर उतरून येतात, आणि होळी पहाटे पेटते. त्या जमावात विजा चमकू लागल्या तर आसरा घ्यावयाचा कोठे, हा प्रश्न काल्पनिक नाही. या भागात खरे भय आहे ते विजेचे, गारांचे आणि फुजितांच्या त्या खाली आपटणाऱ्या लोटाचे. हा लोट जमिनीवर फाकतो तेव्हाच मारक होतो, आणि त्याचे रडारवरील चिन्हही जमिनीलगतच उमटते.

आता मोलगीवरच्या आकाशाचा हिशेब मांडू. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून जो हाहाकार झाला, त्यानंतर काही वर्षांनी कुलाब्याला डॉप्लर रडार आले. नागपूर आणि भोपाळ येथेही रडारे आहेत. सोलापूरला आणि सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या डोंगरावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने संशोधनासाठी ती चालवली. देशातील डॉप्लर रडारांची संख्या २०१४ साली पंधराच्या आसपास होती, ती दहा वर्षांत चाळिशीला टेकली. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन हजार कोटी रुपयांच्या 'मिशन मौसम' योजनेला मंजुरी दिली, आणि हवामान खात्याच्या स्थापनेला दीडशे वर्षे पूर्ण होण्याच्या सोहळ्यात, १४ जानेवारी २०२५ रोजी, तिचा प्रारंभ झाला. हे सारे स्वागतार्हच आहे. पण कुलाब्यापासून मोलगी सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरांच्या घरात आहे, भोपाळपासून त्याहूनही दूर. वर सांगितलेल्या गणिताने कुलाब्याचा सर्वांत खालचा किरण मोलगीवर पोहोचतो तेव्हा तो जमिनीपासून नऊ किलोमीटरांहून अधिक उंचीवर असतो. त्या उंचीवर त्याला दिसतो तो फार तर ढगाचा माथा. वाऱ्याचा वेग तर या रडारांना साधारणपणे अडीचशे किलोमीटरांपलीकडे मोजताच येत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळला रडार बसविण्याची घोषणा झाली, तिचा लाभ मराठवाड्याला होईल. पण म्हैसमाळहून मोलगी दोनशे किलोमीटर आहे, आणि तेथील रडार लहान लहरीचे असेल तर त्याची दृष्टी तितकी पोहोचणार नाही. पोहोचली तरी वाटेतल्या मुसळधार पावसात तिच्या लहरी शोषल्या जातात.

उपग्रह ढगाचा माथा वरून दाखवतो, वीज-संवेदकांचे जाळे वीज कोठे पडली ते कळवते, आणि त्याच पुण्याच्या संस्थेचे 'दामिनी' हे अॅप ती सूचना मोबाइलवर आणून देते. हवामान खात्याकडून पुढल्या तीन तासांचे तात्काळ अंदाजही निघतात. पण अंदाज जिल्ह्याच्या नावाने निघतो, आणि नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठचे सपाट शहादेही आहे आणि नर्मदेच्या बुडिताला टेकलेले मणिबेलीही. एकाचे वादळ दुसऱ्याला शिवेलच असे नाही. सपाटीसाठी काढलेला इशारा डोंगरात तीनदा खोटा ठरला, तर चौथ्यांदा आमचुराच्या फोडी कोणी उचलणार नाही, आणि त्यात उचलणाऱ्याचा दोष नसेल. अमेरिकेत इतके घनदाट जाळे असून टॉर्नेडोची आगाऊ सूचना सरासरीने दहा-पंधरा मिनिटेच आधी मिळते. मोलगीला तेवढी मिनिटेही पुरतील. फोडी गोळा करून घरात घ्यायला, गुरे झाडाखालून काढायला आणि होळीच्या मैदानातली माणसे पक्क्या इमारतींकडे हलवायला त्याहून फार अधिक वेळ लागत नाही. मात्र ती सूचना ज्या पाड्यात मोबाइलचा एक ठिपकाही उमटत नाही तेथे, आणि मराठी वाचता न येणाऱ्या म्हातारीला कळेल अशा पावरी वा भिली बोलीत, पोहोचली पाहिजे. हे काम रडारचे नव्हे. ते कोतवालाचे, आश्रमशाळेचे आणि आशा कार्यकर्तीचे आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च एका रडारच्या तुलनेत नगण्य आहे.

जागेचा प्रश्न निसर्गाने सोडवून ठेवला आहे, असे नकाशा पाहताना मला वाटले. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरांच्या सुमारास उंच आहे, तेथवर रस्ता आहे, वीज आहे, वस्ती आहे. आणि मोलगी तेथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आत पडते. इतक्या अंतरावर क्षितिजसमांतर सोडलेला किरण रडारच्या उंचीपेक्षा अवघा दीडशे मीटर वर चढलेला असतो, म्हणजे सातपुड्याच्या बहुतेक माथ्यांवरून नजर टाकीत तो अक्कलकुवा, धडगाव व शहादा या तिन्ही तालुक्यांवरच्या ढगांची पोटे पाहू शकेल. एखादे उंच शिखर कोठे ना कोठे आड येईलच, तेवढी सावली कोणत्याही डोंगरी रडारला सोसावी लागते. तज्ज्ञांनी पाहणी करून याहून चांगली जागा सुचविली तर ती घ्यावी. पण जागा सातपुड्यातलीच असावी, कारण सव्वातीनशे किलोमीटरांवरचे कितीही बलवान यंत्र पृथ्वीची वक्रता ओलांडू शकत नाही.

यंत्र देण्याचा अधिकार पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा आहे आणि पाड्यापर्यंत शब्द पोहोचविण्याचा बंदोबस्त नंदुरबारच्या जिल्हाधिकारी कचेरीचा. या दोहोंकडे मागणी करावयाची तर तिला कागद लागतो. आणि अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेच्या ठरावाला पेसा कायद्याने जे वजन दिले आहे ते लक्षात घेता, तो कागद मोलगी, काठी आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांतूनच निघावा हे उत्तम. या भागात काम करणाऱ्या शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आणि शहरात स्थायिक झालेल्या येथल्या शिकलेल्या तरुणांनी पुढची होळी येण्यापूर्वी अशा ठरावाचा मसुदा करण्यास गावकऱ्यांना साहाय्य करावे, आणि त्याबरोबर गेल्या काही वर्षांतल्या वादळांच्या तारखा, वेळा व दिशा गावातल्या जाणत्या माणसांना विचारून जोडाव्यात, अशी माझी विनंती आहे.